मीठ की पीठ

तौसिफ फोनवर विचारतो, "ताई, मीठ की पीठ?"
म्हणजे अंगावरचे ठिपके
मीठ भुरभुरल्यासारखे, मोजता येतील असे,
की पीठ चाळल्यासारखे, बारीक, सलग?
मीठ असेल तर आठवडा हातात आहे.
पीठ असेल तर उद्याची सकाळ.

मी टॉर्च तिरका धरते.
काचेपलीकडे एम्परर, बोटभर लांब,
निळ्या अंगावर पांढरी वलयं, एकात एक,
जन्मापासूनचीच.
पांढऱ्यावर पांढरं कसं शोधायचं
ते श्रीरंगच्या वहीत नाही.
वहीत क्षार आहे, १.०२५. तापमान आहे, पंचवीस.
मस्कतला जाताना माशांवर तीन पानं लिहून गेला,
गॅसचं पुस्तक कुठंय ते सांगायचं राहिलं.

"दोन्ही नाही," मी म्हणते.
"मग करतो काय?"
दगडाला कूस घासतो, एकदम, चिमटा बसल्यासारखी.
मान झटकतो.
उजवा डोळा दुधी झालाय,
आईचा ऑपरेशनआधी होता तसा. डावा स्वच्छ.
आणि पंपाच्या तोंडाशी उभा असतो सारखा,
उकाड्यात माणूस पंख्याखाली उभा राहतो तसा.
"श्वास मोजा."

कल्ला उघडतो, मिटतो.
सेकंदकाटा बारावरून निघून बारावर येईतो
एकशे बेचाळीस.
लग्नाला अकरा वर्षं झाली,
इतकं टक लावून पूर्ण एक मिनिट
मी कुणाच्याच श्वासाकडे पाहिलेलं नाही.

रास्ता पेठेतून कर्वेनगरला यायला तौसिफला वेळ नाही.
"गोड्या पाण्यात ठेवा, पाच मिनिटं.
आडवा पडेल. नाटकं करेल. घाबरायचं नाही."
गोडं म्हणजे आपलंच, खडकवासल्याचं,
फिल्टरमधून काढलेलं, टाकीइतकंच कोमट,
त्यात चिमूटभर खायचा सोडा
आणि सासूबाईंचं पांढरं एनॅमलचं पातेलं
ज्यात मी आजवर काहीच शिजवलं नव्हतं.

तो खरंच आडवा पडला.
पहिलं मिनिट मी त्याची माफी मागत होते,
आधी मराठीत, मग हिंदीत,
कुठल्या समुद्रातला आहे कोण जाणे.
तिसऱ्या मिनिटाला पातेल्यात कण्या दिसल्या.
वाटलं, नीट घासलं नव्हतं.
मग एक कणी त्याच्या डोळ्यावरूनच सुटली,
गिरकी घेत तळाशी गेली.
दुसरी कल्ल्यापाशी. सातव्यानंतर मोजणं सोडलं.
खाऱ्या पाण्यात ह्या काचेसारख्या असतात म्हणे.
महिनाभर मी त्यांच्यातूनच
आरपार त्याला पाहत होते, आणि म्हणत होते
की रुसलाय.
गोडं पाणी लागलं तशा पांढऱ्या पडल्या,
दिसल्या त्या मरतानाच.

"मीठ नाही, पीठ नाही, तौसिफ. कण्या."
तो हसला. "जंत, ताई. औषध पाठवतो.
दोनदा घालायचं बरं का. अंड्यांना काही होत नाही त्यानं,
ती वाळूत बसून राहतात."
पुढच्या गुरुवारी कॅलेंडरवर गोल केला,
दुधाच्या खाड्यांशेजारी.

पातेलं मोरीत उपडं केलं.
इथून नाला, मग मुठा, भीमा, कृष्णा.
जवळचा समुद्र घाट उतरून चार तासांवर
आणि आपलं सगळं पाणी पाठ फिरवून
आख्खं दख्खन ओलांडत पूर्वेला जातं.
कुणीतरी लांबचा रस्ता धरावा
आणि वरून सांगावं की हाच उतार होता, तसं.

रात्री श्रीरंगचा फोन.
मागे समुद्र असेल, किंवा एसी.
"एम्परर कसा आहे?"
"अठ्ठ्याऐंशी."
"काय अठ्ठ्याऐंशी?"
"मिनिटाला."
तो गप्प झाला. नुसता श्वास येत राहिला तिकडून.
सेकंदकाटा दहावर होता.
तो बारावर यायची मी वाट पाहिली.